फोडणीचा रकाना

परीक्षक-नऊने आमच्या हळदीला शून्य दिलं.

कमी नाही, काठावर नाही, चक्क शून्य. शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत अर्धं गाव जमलं होतं आणि सगळ्यांच्या देखत भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'नमुना हळद, वाण बुटकी. दाहशामक (सूज आणि ठणका कमी करणारा) परिणाम शून्य. शिफारस: जागा मोकळी करावी.' खाली गुरुवारची तारीख होती, वेळ दुपारी बाराची. तो दिवस सोमवारचा होता.

आता कोडं बघा. ही तीच हळद, जिला नुसता हात लावला तरी बोटं चार दिवस पिवळी राहतात. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचा घसा धरला, की आमच्याकडे पहिला डबा हळदीचाच उघडतो. आमच्या गावानेच नव्हे, सगळ्या मुलखाने शेकडो वर्षं हेच केलं आहे. म्हणजे एक तर शेकडो वर्षांतली सगळी माणसं भोळसट होती, नाहीतर यंत्र खोटं बोलत होतं. यंत्राला खोटं बोलता येत नाही, असं आबा म्हणतात. आणि सगळी माणसं भोळसट होती, हे मी मान्य करणार नाही. मी शांभवी मगदूम, वय वर्षं बारा. मला कुणी शून्य दिलेलं चालत नाही, आणि आमच्या हळदीला दिलेलं तर मुळीच चालत नाही.

हे झालं २०६८ साली. आमचं कवठेसरी हे गाव कृष्णाकाठी आहे. आबा म्हणजे माझे आजोबा, डॉक्टर शिवगोंडा मगदूम. ते औषध देणारे डॉक्टर नव्हेत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं वनस्पतींमधली संयुगं (अणू ठरावीक पद्धतीने जोडून बनलेले पदार्थ) शोधली. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले आणि शाळेमागच्या चार गुंठ्यांत त्यांनी बुटकी लावली. बुटकी हे हळदीचं जुनं वाण. झाड जेमतेम गुडघ्याएवढं, हळकुंडं वाकडीतिकडी आणि पीक थोडं, म्हणून सगळ्यांनी ती लावायची सोडली. आता ती जगात फक्त या चार गुंठ्यांत उरली आहे. आबांनी दोनदा दुसऱ्या रानात नेऊन लावली आणि दोन्ही वेळा गड्डे कुजले. तिला हीच माती लागते. तेव्हा ही जागा गेली की बुटकी गेली, कायमची.

सरकारला आमच्यावर दात धरायचा होता असं नाही. सगळीकडच्या जुन्या औषधी वाणांची पडताळणी चालू होती. जे वाण कसोटीला उतरेल त्याची जागा राखायची, जे उतरणार नाही त्याची जागा दुसऱ्या कामाला द्यायची. आमच्या चार गुंठ्यांवर सौरविजेचं कोठार यायचं होतं. वीज काय, मलाही लागते. पण म्हणून बुटकीच्या मुळावर?

पडताळणी करत गावोगाव फिरणारं यंत्र म्हणजे हा परीक्षक-नऊ. फ्रिजएवढा उंच, खाली चार चाकं, पुढे दोन काटकुळे हात. आम्ही मुलं त्याला पत्र्या म्हणायचो. निकाल सांगून झाल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "आक्षेप आहे का?"

मी पुढे झाले आणि सांगितलं की आहे, आमची हळद चांगली आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे. पत्र्याने दोन क्षण विचार केला. मग म्हणाला, "हा आक्षेप तपासता येत नाही. तपासता येईल असा आक्षेप गुरुवारी दुपारी बारापर्यंत देता येईल."

तेव्हा मी त्याला लाथ मारली.

हे चांगलं केलं असं मी म्हणत नाही. पत्र्याला काही झालं नाही आणि माझा उजवा अंगठा मात्र काही मिनिटांत टम्म फुगला. मी लंगडत बाहेर पायरीवर येऊन बसले आणि आबा शेजारी टेकले. ते मला रागवतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट अंगठ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं की काय काय दिसतंय ते नीट सांग.

मी फणकाऱ्याने सांगितलं. लाल झालाय, गरम लागतोय, सुजलाय, ठणकतोय.

"यालाच दाह म्हणतात," आबा म्हणाले. "लाली, ऊब, सूज, ठणका. चारही खुणा एका अंगठ्यावर गोळा केल्यास की."

मग त्यांनी आत काय चाललंय ते सांगितलं. आपलं शरीर पेशींचं (शरीराच्या सर्वांत लहान जिवंत घटकांचं) बनलेलं असतं. मार लागला की चेपलेल्या पेशी भोंगा वाजवतात. भोंगा म्हणजे खराखुरा आवाज नव्हे, तर काही रेणू, जे आजूबाजूला पसरून 'इथे घात झालाय' असा निरोप देतात. निरोप मिळताच तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. जास्त रक्त येतं, म्हणून लाली आणि ऊब. रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपतं, म्हणून सूज. नसांची टोकं डिवचली जातात, म्हणून ठणका. आणि या सगळ्या गर्दीतून पांढऱ्या पेशी येतात आणि डागडुजीला लागतात.

मी म्हटलं, मग दाह चांगलाच की. हळदीने तो कमी कशाला करायचा?

आबांनी आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. त्यांच्या बोटांची पेरं कायमची सुजलेली असतात, सकाळी त्यांना शर्टाचं बटणही लावता येत नाही. त्यांना काही लागलेलं नव्हतं, कुठे घातही नव्हता. पण त्यांच्या सांध्यांत भोंगा वाजायला लागला तो वर्षानुवर्षं थांबलाच नाही, आणि डागडुजीला आलेल्या पेशी आता चांगल्या सांध्यालाच कुरतडत होत्या. वाजायला हवा तेव्हा भोंगा वाजलाच पाहिजे, काम झालं की थांबलाही पाहिजे. न थांबणारा भोंगा हळू करायचा, एवढंच दाहशामक पदार्थाचं काम. आबांना डॉक्टरांनी त्यासाठी गोळ्या दिल्या आहेत आणि ते त्या न चुकता घेतात.

"आणि हळद?" मी विचारलं.

आबांनी पायरीवर खडूने एक मोठा गोल काढला, ती पेशी. आत छोटा गोल काढला, ते तिचं केंद्रक (जिथे पेशीच्या सगळ्या हुकमांची नक्कल ठेवलेली असते ती खोली). पेशीत एक निरोप्या प्रथिन असतं. एरवी ते बांधून ठेवलेलं असतं. घात झाला की ते सुटतं, धावत केंद्रकात शिरतं आणि हुकूम देतं की आणखी भोंगे बनवा. हळदीत कुर्क्युमिन नावाचं पिवळं संयुग असतं. ते या निरोप्याची वाट अडवतं. अगदी बंद करत नाही, पण अडवतं. हे कितीतरी प्रयोगशाळांमध्ये दिसलेलं आहे, आबांच्याही.

"मग शून्य कसं आलं?"

आबांनी खडू खिशात टाकला आणि ते उठून आत गेले. मला ते उठून जाणं आवडलं नाही. मला वाटलं ते म्हातारे झाले, हरले. मी त्यांच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाही.

मंगळवारी मी चार गुंठ्यांच्या मधोमध जाऊन बसले. मनाशी ठरवलं होतं की नांगर आला तरी हलायचं नाही. माघ महिना होता, बुटकीची पानं वाळून आडवी झाली होती आणि हळद मातीत तयार होती. दुपारपर्यंत बसले. मग सुगंधाकाकू आली. काकू गावच्या हळद-कांडपाच्या गिरणीत काम करते आणि तिचे तळवे बारा महिने पिवळे असतात. ती मला म्हणाली, "बसून काय होतंय? नांगर यंत्राचा हाय, तो वळसा घालून नांगरंल. पाय बघू तुझा." आणि दंडाला धरून घरी घेऊन गेली.

काकूने चुलीवर लोखंडी पळीत तेल तापवलं आणि त्यात चिमूटभर हळद टाकली. क्षणात सगळं तेल केशरी-पिवळं झालं. ते कोमट झाल्यावर तिने माझ्या अंगठ्याला चोपडलं. मग स्वतःच्या हाताला साधं तेल चोळलं, बोटं एकमेकांवर घासली आणि मगच साबण घेतला.

मी कधीपासून हे बघत आले आहे. गिरणीतल्या सगळ्या बायका असंच करतात, आधी तेल आणि मग साबण. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं की आधी तेल कशाला?

"पाण्यानं जात न्हाई हळद, म्हणून," काकू म्हणाली. असा प्रश्न कुणी विचारतं का, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

मी एका पेल्यात पाणी घेतलं आणि हळद टाकून ढवळली. पाणी गढूळ पिवळं झालं खरं, पण थोड्या वेळाने हळद तळाशी बसली आणि वरचं पाणी फिकट निवळ झालं. पळीतलं तेल मात्र तसंच रंगलेलं होतं. मीठ पाण्यात विरघळतं, तूप विरघळत नाही, हे आम्हाला चौथीत शिकवलं होतं. कुर्क्युमिन हा तुपाच्या बाजूचा गडी निघाला. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात मात्र मिसळून जातो.

माझा अंगठा ठणकत होता आणि तसल्या पायाने मी प्रयोगशाळेपर्यंत पळत गेले. पत्र्या कोपऱ्यात वीज पीत उभा होता. मी त्याला विचारलं, आमच्या हळदीचं तू नेमकं काय केलंस ते पहिल्यापासून दाखव.

त्याने पडद्यावर दाखवलं. हळद घेतली, पाण्यात उकळली, बारीक गाळणकागदातून गाळली. खाली उतरलेलं स्वच्छ पाणी त्याने पेशींवर घातलं. या पेशी त्याच्या पोटातल्या बशीत वाढवलेल्या असतात आणि मेलेल्या जिवाणूंचे तुकडे दाखवून त्यांना आधी बिचकवलेलं असतं. किती भोंगे वाजले ते तो मोजतो. आमच्या पाण्याने एकही भोंगा कमी झाला नाही, म्हणून शून्य.

"गाळणकागद कुठे आहे?"

त्याने कचऱ्याचा कप्पा उघडला. कागद पिवळाधमक होता. आमची हळद तिथे होती, कचऱ्यात. पत्र्याने हळद तपासलीच नव्हती, त्याने पाणी तपासलं होतं.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक कागद पडद्यावर आणला. तो आमच्या गावाने भरून दिलेला अर्ज होता. त्यात एक रकाना होता, 'वापरण्याची रीत'. त्यात लिहिलं होतं: 'काढा. पाण्यात उकळून, गाळून.' पत्र्याने तेच केलं होतं, अक्षरशः. आणि अक्षर आबांचं होतं.

आबांना माहीत नव्हतं? ज्यांनी तीस वर्षं कुर्क्युमिन तपासलं त्यांना? मी घरी आले तेव्हा मला रडू येत होतं आणि आबांचा इतका राग आला होता, की मी उंबऱ्यातूनच विचारलं, तुम्ही काढा का लिहिलंत? आपण कधी हळदीचा काढा पितो?

आबांनी चष्मा काढला.

"अर्ज भरायला आम्ही पंचायतीत बसलो होतो," ते म्हणाले. "सरपंच होते, चार मोठी माणसं होती. रीत काय लिहायची? खरी रीत म्हणजे फोडणी. तेलात हळद, मिरी, आणि मऊ भातावर ओतायची. पण सरकारी कागदावर फोडणी कशी लिहायची? सगळे म्हणाले, औषध वाटलं पाहिजे, काढा लिहा. मीही म्हटलं, ते यंत्र आहे, त्याला कळेल काय करायचं ते. मला लाज वाटली, शांभवी. पुण्याच्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी तो कागद पाहिला तर काय म्हणतील, हे मनात आलं."

स्वयंपाकघरातली गोष्ट म्हणून लपवली. काकू रोज करते ती रीत चारचौघांत सांगण्यासारखी नाही म्हणून पाण्याचा खोटा काढा लिहिला, आणि त्या एका शब्दापायी बुटकी मरणार होती. मी एवढंच म्हटलं, की आता खरं लिहा. तुमच्या हाताने.

बुधवारी सकाळी आबा माझ्याबरोबर आले. पत्र्याने सांगितलं, निकाल लागल्यावर अर्जात दुरुस्ती करता येत नाही. फक्त आक्षेप घेता येतो. मग आक्षेपाचा कागद मी भरला: 'हळदीतला पिवळा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. तो गाळणकागदावर राहिला. तपासणी पाण्याची झाली, हळदीची नाही. खरी रीत: फोडणी.' फोडणी हा शब्द मी जाड अक्षरात लिहिला. खाली आबांनी लिहिलं, 'रकान्यात मी चुकीची माहिती दिली होती,' आणि सही केली.

पत्र्याने कागद वाचला. "हा आक्षेप तपासता येतो," तो म्हणाला. यंत्राला आनंद होत नाही म्हणतात. मला तरी त्याचा आवाज जरा हलका वाटला.

आता मी त्याला एकही पळवाट ठेवणार नव्हते, आणि आम्हालाही. मी म्हटलं, कोणत्या पेल्यात काय आहे हे तुला कळता कामा नये. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, यंत्राने पोरीचं मन राखलं. आबा हसले. याला आंधळी तपासणी म्हणतात (मोजणाऱ्याला नमुना कोणता ते ठाऊक नसतं, म्हणून त्याची आवडनिवड आकड्यात शिरत नाही), आणि मोठमोठ्या प्रयोगशाळांत हीच पद्धत असते.

काकूला बोलावलं. तिने प्रयोगशाळेच्या शेगडीवर घरच्यासारखीच फोडणी केली. सहा पेले भरले: नुसतं पाणी, हळदीचा काढा, नुसतं तेल, तेलात हळद, तेलात हळद आणि कुटलेली मिरी. सहाव्यात नेहमीचं दाहशामक औषध, तुलनेसाठी. काकूने पेल्यांवर आकडे टाकले आणि कोणता आकडा कशाचा ती चिठ्ठी पदराला बांधली.

पत्र्यानेही आपलं काम चोख केलं. तो म्हणाला, पिवळा रंग त्याच्या प्रकाशमापकाला फसवू शकतो, म्हणून तो रंग बघून अंदाज करणार नाही, भोंग्याचे रेणू वेगळे काढून मोजेल. शिवाय या वेळी पेले थेट पेशींवर ओतायचे नव्हते. खाण्याची रीत आहे म्हणून प्रत्येक पेला आधी नकली आतड्यातून आणि नकली यकृतातून जाणार होता. नखाएवढ्या पारदर्शक वड्या असतात त्या, आत खऱ्या माणसाच्या पेशी वाढवलेल्या. मला पत्र्याचा राग होता, तरी हे ऐकून त्याच्याबद्दल थोडा मान वाटला.

पेशींना वेळ लागतो. गुरुवारी सकाळी साडेअकराला निकाल आले. बाहेर नांगर येऊन उभा होता आणि बिनमाणसाचा तो नांगर बाराची वाट बघत होता.

आकडे असे आले. काहीच न दिलेल्या पेशींत भोंगे शंभर धरले, तर दोन नंबरच्या पेल्याने शंभर, पाच नंबरने सत्त्याण्णव, एक नंबरने अठ्ठ्याण्णव, सहा नंबरने एक्याऐंशी, चार नंबरने चौसष्ट, तीन नंबरने तीस. जागा राखायची तर भोंगे पंचाहत्तरच्या खाली यायला हवे होते. तीन नंबर औषधच असणार, हे उघड होतं. बाकी सगळं काकूच्या पदरात होतं.

काकूने गाठ सोडली. दोन म्हणजे पाणी. पाच म्हणजे काढा; दोन-तीनचा फरक मोजण्यातच पडतो. एक म्हणजे नुसतं तेल. सहा म्हणजे तेलात हळद, एक्याऐंशी. ती नापास.

चार म्हणजे तेलात हळद आणि मिरी. चौसष्ट.

पंचाहत्तरच्या खाली, म्हणजे पास. आबा मिरीबद्दल सांगायला लागले आणि मी ऐकत राहिले. आपलं यकृत अनोळखी पदार्थ पकडून बाहेर टाकायच्या कामाला असतं, आणि कुर्क्युमिनला ते फार लवकर हाकलतं. मिरीतला तिखटपणा आणणारं संयुग यकृताच्या त्या कामाची गती कमी करतं. तेवढ्या वेळात कुर्क्युमिनला पेशीपर्यंत पोचायला सवड मिळते. काकूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला मिरी का घातली विचारलं, तर म्हणाली, "मिऱ्याबिगर फोडणी आमच्यात करतच न्हाईत."

इतक्यात सरपंच भरमूतात्या पुढे आले. ते खूप खूश होते. त्यांनी पत्र्याला सांगितलं, आता लिहा, कवठेसरीची हळद रामबाण आहे, सगळ्या सांधेदुखीवर. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला परत राग आला. सोमवारी आला होता तेवढाच.

"नाही लिहायचं," मी म्हटलं. "तात्या, आपल्या फोडणीने चौसष्टपर्यंत आणलं, औषधाने तीसपर्यंत. आणि हे बशीतल्या पेशींत झालं, माणसांत अजून कुणी बघितलेलं नाही. काढा लिहून एकदा खोटं बोललो, आता रामबाण लिहून पुन्हा बोलायचं?"

तात्या म्हणाले, पण तुझा अंगठा तर बरा झालाय ना काकूच्या हळदीने. मी सांगितलं की तो झालाय, पण चार दिवसांत तो तसाही बरा झाला असता. एका अंगठ्यावरून काही सिद्ध होत नाही. दुसरा अंगठा तितकाच ठेचून त्याला हळद न लावता ठेवला असता, तर बोलता आलं असतं, आणि ते मी करणार नाही. लोक हसले. तात्यांनी नाराजीने मान हलवली, पण मागे सरकले. आबांनीही पुस्ती जोडली, की मिरी हळदीला जशी शरीरात जास्त वेळ ठेवते तशी काही औषधांनाही ठेवते, आणि ताटातली हळद वेगळी, हळदीच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. तसल्या गोळ्या फार घेतल्या तर यकृतालाच इजा होऊ शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी मनाने काही घेऊ नका आणि चालू औषध सोडू नका. स्वतःचा गोळ्यांचा डबा त्यांनी खिशातून काढून दाखवला.

पावणेबाराला पत्र्याने लिहिलं: 'नमुना हळद, वाण बुटकी. रीत: फोडणी, मिरीसह. दाहशामक परिणाम: छत्तीस टक्के, बशीतल्या पेशींत. शिफारस: जागा राखावी, पुढील तपासणी माणसांवर व्हावी.' नांगराला निरोप गेला. तो जागेवरच वळला आणि रस्त्याला लागला. आबा चार गुंठ्यांच्या बांधावर गेले आणि वाळलेल्या पानांकडे बघत उभे राहिले. त्यांना तसं उभं बघून माझा त्यांच्यावरचा राग गेला.

पत्र्या निघायच्या तयारीत होता. त्याला पुढच्या गावी जायचं होतं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्याला विचारलं, तू आजवर किती वाणांना शून्य दिलंस?

"तीनशे चाळीस."

"त्यांतल्या कितींच्या रकान्यात काढा लिहिलंय?"

त्याने मोजायला क्षणही घेतला नाही. "दोनशे बारा."

दोनशे बारा. म्हणजे दोनशे बारा गावांत कुठे झाडाचा पाला, कुठे साल, कुठे मूळ गाळून कचऱ्यात गेलं असेल. त्यांतल्या काहींमध्ये खरंच काही नसेल, हे मला मान्य आहे. पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? मी म्हटलं, त्या सगळ्यांच्या वतीने माझा आक्षेप लिहून घे.

पत्र्या म्हणाला, आक्षेप फक्त त्या त्या गावच्या रहिवाशालाच घेता येतो.

"ठीक. प्रश्न विचारायला बंदी आहे का?"

"बंदीची नोंद नाही."

मग मी आणि पत्र्याने मिळून एक नवा रकाना तयार केला. आबांनी तो सोप्या भाषेत लिहिला आणि काकूने वाचून बघितला, तिला कळला तेव्हाच पुढे पाठवला: 'तुमच्या घरी ही वनस्पती खरोखर कशी वापरतात? जी रोज करते तिला विचारून लिहा.' दोनशे बारा गावांना तो गेला. खाली उत्तरासाठी माझं नाव होतं.

पहिलं उत्तर शनिवारी सकाळी आलं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून. अक्षर माझ्याच वयाच्या मुलीचं असावं. तिने लिहिलं होतं, की आमच्या निर्गुडीला शून्य मिळालं आणि कुंपणाची सगळी निर्गुडी सोमवारी काढणार आहेत. अर्जात काढा लिहिलाय, पण तो आम्ही कधी करत नाही. आमची आई निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात कढवते आणि ते तेल गुडघ्यांना चोळते. असलं लिहिलेलं चालतं का?

मी लगेच उत्तर पाठवलं. चालतं, आजच आक्षेप घे. आणि आई तेल तापल्यावर पाला टाकते की पाला टाकून मग तेल तापवते, तेही विचारून लिही.